सी क्लॅरिनेटचा सूर जुळत नसेल तर आधी माउथपीसची पोकळी मोजावी

सी क्लॅरिनेट हे बी-फ्लॅट क्लॅरिनेटपेक्षा आखूड वाद्य आहे आणि लिहिलेला स्वर त्यावर जसाच्या तसा वाजतो. बहुतेक वादक ते क्वचितच हाती घेतात, त्यामुळे सूर जुळला नाही की वाद्यच वाईट असल्याचे ठरवून मोकळे होतात. ‘बी-फ्लॅटचा माउथपीस बसतो ना, मग चालेल’ असे मला अनेकांनी सांगितले, पण त्यांपैकी एकानेही त्या माउथपीसची, म्हणजे तोंडात धरून फुंकायच्या भागाची, आतली पोकळी मोजलेली नव्हती.

पॅड (छिद्रे झाकणाऱ्या गाद्या) गळत नाहीत आणि रीड (माउथपीसवर बांधलेली, कंप पावणारी पातळ पट्टी) सपाट बसते, हे तपासलेले आहे असे धरतो. वाद्य किमान १० मिनिटे वाजवून तापवावे. आतली हवा एका अंशाने तापली की स्वर सुमारे ३ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) चढतो, म्हणून थंड वाद्यावरच्या नोंदींना काही अर्थ नसतो.

त्यानंतर ट्यूनरवर तीन स्वर तपासावेत: सर्व छिद्रे झाकून येणारा सर्वांत खालचा ई, सर्व बोटे उचलून वाजणारा जी, आणि खालच्या ई चीच बोटे ठेवून रजिस्टर की (स्वर वरच्या सप्तकाकडे उडवणारी कळ) दाबल्यावर येणारा बी. स्वर आधी स्थिर करावा आणि मगच काट्याकडे पाहावे, कारण काटा दिसत असला की ओठ नकळत स्वर सावरतात आणि खरा दोष झाकला जातो.

जुन्या वाद्याचे सगळेच स्वर जवळपास अर्ध्या अर्धस्वराने चढे असतील, तर ते नेहमीच्या ए = ४४० हर्ट्झऐवजी ए = ४५२ च्या आसपासच्या उच्च पट्टीसाठी बनलेले असण्याची दाट शक्यता आहे; अशा काही वाद्यांवर ‘एच.पी.’ अशी अक्षरेही कोरलेली असतात. त्यांची छिद्रेच त्या पट्टीच्या मापाने पाडलेली असल्यामुळे ती ४४० ला आणण्याच्या खटपटीत पडू नये.

उघडा जी बराच उतरलेला आणि खालचा ई थोडाच उतरलेला असेल, तर दोष वाद्याच्या वरच्या टोकाशी, बहुधा माउथपीसमध्ये असतो. उघड्या जी साठी हवेचा स्तंभ सुमारे २२ सेंटिमीटर लांब असतो, खालच्या ई साठी सुमारे ५२. त्यामुळे वरच्या टोकाला ३ मिलिमीटर लांबी वाढली, तर जी सुमारे २४ सेंट उतरतो आणि ई फक्त १०. नळीचा व्यास १५ मिलिमीटरच्या आत-बाहेर धरला, तर माउथपीसमधली अर्धा मिलिलिटर जास्तीची पोकळी जवळपास तेवढ्याच, म्हणजे ३ मिलिमीटर, लांबीचे काम करते. अर्धा मिलिलिटर म्हणजे जेमतेम दहा थेंब.

नेमक्या याच टप्प्यावर मी फसलो होतो. माझ्या वाद्याचा जी उतरत असे, म्हणून एका कारागिराच्या सांगण्यावरून मी मूळ बॅरल, म्हणजे माउथपीस आणि वरची नळी यांच्यामधला आखूड तुकडा, ४ मिलिमीटर कापून घेतले. सूर जुळल्यासारखा वाटला. पण पुढे योग्य पोकळीचा माउथपीस मिळाला, तेव्हा सगळे वाद्य चढे वाजू लागले आणि तेच बॅरल पुन्हा बाहेर ओढून वाजवण्याची पाळी आली. ओढलेल्या सांध्यात राहिलेली फट नळीपेक्षा रुंद असते आणि उघड्या जी च्या आसपासचे स्वर ती अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक उतरवते, म्हणून रिंगा टाकून ती भरावी लागली. कापलेले लाकूड परत जोडता येत नाही. मूळ बॅरल कोणी कितीही आत्मविश्वासाने सांगितले तरी कापू नये. प्रयोगच करायचा असेल तर दुसरे आखूड बॅरल घ्यावे.

पोकळी मोजण्यासाठी रीडच्या जागी प्लॅस्टिकची सपाट पट्टी ठेवून ती लिगेचरने (रीड बांधायच्या पट्ट्याने) घट्ट बांधावी, माउथपीस उभा धरून बारीक सिरिंजने काठोकाठ पाणी भरावे आणि आकडा लिहून ठेवावा. पट्टीखालून पाणी झिरपत असेल, तर तो आकडा टाकून द्यावा. माउथपीस बॅरलमध्ये पूर्ण खाली टेकतो की नाही, हेही याच वेळी पाहावे, कारण तिथे राहिलेली फटसुद्धा पोकळीतच जमा होते.

मग पोस्टर चिकटवण्याची मऊ पुट्टी थोडीशी घेऊन आतल्या बाजूच्या भिंतींवर पातळ पसरावी आणि पाणी पुन्हा मोजून नेमकी किती पोकळी कमी झाली ते पाहावे. जी २४ सेंट उतरत असेल, तर अर्ध्या मिलिलिटरपासून सुरुवात करावी. रीडसमोरच्या उतारावर पुट्टी अजिबात लावू नये. सूर सुधारण्याऐवजी नादच बिघडतो आणि मग कशाचा परिणाम कशावर झाला, हे कळत नाही. प्रत्येक बदलानंतर वरचा बी तपासावा. रुंद पोकळी आणि सरळ नळी वरच्या स्वरांत सारखी वागत नाहीत, त्यामुळे खालचे स्वर जुळले म्हणजे बी जुळेलच असे नाही. तो बिघडला, तर पुट्टी कमी करून उरलेली भरपाई वेगळ्या आखूड बॅरलने करावी.

रीड फार मऊ असेल तर ती बदलावी.

सूर बसला की पुट्टी काढण्यापूर्वी पाण्याचा शेवटचा आकडा नोंदवून ठेवावा, आणि नवा माउथपीस घेताना सिरिंज सोबत नेऊन त्याच आकड्याच्या सर्वांत जवळ जाणारा माउथपीस निवडावा.