ऑनलाइन कौटुंबिक मध्यस्थी आणि कर्मचाऱ्यांकडून तिचा स्वीकार: नव्या अभ्यासकांसाठी माझा अनुभव

कौटुंबिक वादांत मध्यस्थी करणाऱ्या एका संस्थेतील कर्मचारी ऑनलाइन बैठकांचे तंत्रज्ञान कितपत आणि कशामुळे स्वीकारतात, हा माझ्या पदव्युत्तर प्रबंधाचा विषय होता. या विषयाकडे वळू पाहणाऱ्यांना मी माझी पहिली चूक आधी सांगते, कारण पुढचा सगळा अभ्यास तिच्यातूनच उभा राहिला.

संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलेले तंत्रज्ञान-स्वीकृतीचे प्रतिमान (मॉडेल) मी जसेच्या तसे वापरले. साधन उपयोगी आहे असे वापरणाऱ्याला किती वाटते आणि ते हाताळायला सोपे आहे असे किती वाटते, या दोन गोष्टी त्यात प्रत्येकी सहा विधानांनी मोजल्या जातात. उपयुक्ततेची विधाने काम लवकर उरकते का, कामगिरी सुधारते का, अशा वळणाची आहेत. मध्यस्थांनी ती निमूटपणे भरून दिली. मात्र मुलाखतींत बहुतेकांनी मलाच विचारले की हा उपयोग नेमका कोणाचा धरायचा, त्यांचा स्वतःचा की समोरच्या दोन पक्षकारांचा. बैठक लवकर संपणे ही त्यांच्या दृष्टीने चांगली गोष्ट असेलच असे नव्हते.

त्यानंतर मी विधाने बाजूला ठेवली आणि प्रत्येकाला नुकतीच झालेली एखादी ऑनलाइन बैठक सुरुवातीपासून क्रमाने आठवायला सांगितली. खरी माहिती तिथे मिळाली. दोन्ही पक्षकारांना वेगवेगळ्या ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे त्याच ऑनलाइन बैठकीतल्या स्वतंत्र कक्षांत, ठेवून मध्यस्थाने आळीपाळीने त्यांच्याशी बोलणे ऑनलाइन सहज जमते, आणि पूर्वी हिंसाचार झालेला असेल तर समोरासमोर बसावे लागत नाही, याचा मोठा दिलासा असतो. परंतु कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर कोण बसले आहे, दाराआड मूल ऐकत आहे का, हे मध्यस्थाला दिसत नाही. प्रत्यक्ष बैठकीनंतर एका पक्षकाराला आधी निघू देता येते. दोघे अजून एकाच घरात राहत असतील तर ऑनलाइन बैठक संपताच ते पुन्हा एकमेकांसमोर येतात. म्हणूनच अनुभवी मध्यस्थ प्राथमिक मुलाखतीत हो-नाही एवढ्यावर उत्तर देता येईल असे प्रश्न विचारतात आणि धोका जाणवल्यास वापरायचा एखादा सांकेतिक शब्द ठरवून ठेवतात. शांततेचेही तसेच आहे. खोलीत ती बोलते; पडद्यावर मात्र संपर्क तुटला की काय, अशी शंका आधी येते.

हे सगळे ऐकल्यावर, ज्याला मी माझ्या आराखड्यात ‘विरोध’ असे नाव दिले होते, त्याचा बराचसा भाग सुरक्षिततेविषयीचा व्यावसायिक विवेक होता, हे मला मान्य करावे लागले.

वापर आणि स्वीकार यांतील फरकही आधीच मनाशी पक्का करावा. संशोधक वेंकटेश आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तंत्रज्ञान-स्वीकृतीची आठ प्रतिमाने एकत्र करून जे प्रतिमान मांडले, त्यात सामाजिक प्रभाव (आपण हे साधन वापरावे असे महत्त्वाच्या व्यक्तींना वाटते, ही जाणीव) हा घटक वापर सक्तीचा असतानाच ठळकपणे दिसतो. २०२० मध्ये महासाथीमुळे जिथे बैठका ऑनलाइन घ्याव्याच लागल्या, तिथे बैठकांची संख्या मोजून स्वीकार सिद्ध होत नाही. निवडीची मुभा परत मिळाल्यावर कोणती प्रकरणे कर्मचाऱ्यांनी आपणहून ऑनलाइन ठेवली आणि कोणती पुन्हा खोलीत आणली, हा प्रश्न मला सर्वांत फलदायी वाटला.

नोंदणी आणि वेळापत्रक सांभाळणाऱ्यांना मी सुरुवातीला नमुन्यात घेतलेच नव्हते. लिंक उघडत नाही, आवाज येत नाही, कागद अपलोड होत नाहीत, अशा तक्रारींचे पहिले फोन त्यांनाच येतात आणि तंत्रज्ञानाचा ‘सोपेपणा’ बऱ्याच अंशी त्यांच्या श्रमांवर उभा असतो. त्यांना वगळू नये.

मध्यस्थी गोपनीय असते, त्यामुळे बैठकांचे रेकॉर्डिंग मागण्याचा विचारही करू नये. आठवणी सांगतानाही पक्षकारांचे तपशील गाळायची विनंती आधीच करावी. मात्र मोजक्या कर्मचाऱ्यांच्या कार्यालयात नावे बदलूनही काम भागत नाही. माझ्याकडचे सर्वांत बोलके विधान मला प्रबंधातून वगळावे लागले, कारण ते कोणाचे आहे हे शेजारच्या टेबलावरच्या माणसाने पहिल्या ओळीतच ओळखले असते.