टिश्यू कल्चरच्या रॅकवर लाल-निळे एलईडी लावताय? या चुका टाळा

टिश्यू कल्चर म्हणजे झाडाच्या छोट्या तुकड्यापासून बंद बाटलीत रोपं वाढवणं. त्यात सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे "लाल लाईटखाली रोपं भराभर वाढतात" असं कुठेतरी ऐकून अख्ख्या रॅकला नुसत्या लाल पट्ट्या ठोकणं. वाढतात हो, पण नुसती उंच. शेवंतीची बाटली हातात घेऊन बघा, पेर लांब, खोड सुतासारखं बारीक, पानं लहान आणि फिकट. बाटलीत दमट हवा असते म्हणून ते उभं तरी राहतं, हार्डनिंगला (बाहेरच्या हवेची सवय लावायला) ट्रेमध्ये लावलं की दोन दिवसात मान टाकतं.

मुळात एमएस मीडियात (बाटलीतल्या नेहमीच्या पोषक मिश्रणात) लिटरला ३० ग्रॅम साखर असते, म्हणजे पोटापाण्याचं बरंचसं तिथूनच भागतं, उजेडाचा रंग रोपाला मुख्यतः हे सांगतो की अंगाने कसं वाढायचं. निळा (४५० नॅनोमीटरच्या आसपास) त्याला बुटकं आणि दणकट ठेवतो. म्हणून लाल ७०-८० टक्के आणि बाकी निळा इथून सुरुवात करा. नुसता निळाही नको, रोपं खुरटतात. आणि खरं सांगू का, नवीन लॅब असेल तर साधा पांढरा एलईडीच लावा, त्यात निळा-लाल दोन्ही असतात.

दुसरं, लक्स मीटर, म्हणजे उजेड मोजायचा साधा मीटर. तो माणसाच्या डोळ्याच्या हिशोबाने बनवलाय, हिरव्याला जास्त मोजतो आणि लाल-निळ्याला फार कमी, मग आकडा कमी दिसतो म्हणून लोक लाईट वाढवत जातात आणि पानं पांढरी पडतात. पार मीटर (रोपाच्या कामाचा उजेड मोजणारा) कुणाकडून तरी मागून आणा, बऱ्याच पिकांना त्यावर ४०-५० मायक्रोमोल (दर चौरस मीटरला, दर सेकंदाला) पुरतात.

तयार मीडिया उजेडातल्या रॅकवर ठेवू नका. निळ्या उजेडाने त्यातलं लोहाचं ईडीटीए (लोह विरघळलेलं ठेवणारं संयुग) फुटतं, आयएए (वाढीचं संप्रेरक) पण टिकत नाही. मग लोह न मिळाल्याने कोवळी पानं पिवळी पडली की आपण खताचं गणित तपासत बसतो. अंधारात ठेवा, बस्स.

आमच्याकडे एक अख्खा शेल्फ असाच पिवळा पडत होता आणि लाल-निळ्याच्या गुलाबी उजेडात कुणाला कळलंच नाही, एक बाटली सहज खिडकीशी नेली तेव्हा दिसलं, शिवाय अगारवर (मीडिया घट्ट करणाऱ्या जेलीवर) बुरशीचा पातळ पांढरा थर. तपासणीला पांढरी ट्यूब वेगळी लावाच.

आणि दोन रंगांची तुलना करताना मधे काळं कापड टांगा, शेजारच्या शेल्फचा उजेड आत आला की कुठल्या रंगाने काय झालं ते कधीच कळत नाही.