विमानाने माल पाठवताय? बुकिंगच्या या चुका टाळा

चाकणच्या एका कारखान्यातून जर्मनीला यंत्र जायचं होतं. यंत्राची उंची १५१ सें.मी., बुकिंगला तीच कळवली. सहारच्या कार्गो संकुलात पेटीला टेप लावली तर भरली १६६. वरच्या फळीचे ३ आणि फोर्कलिफ्टसाठी खाली ठोकलेल्या ठोकळ्यांचे १२ सें.मी. कुणी धरलेच नव्हते. रुंद बांध्याच्या प्रवासी विमानाच्याही पोटात साधारण १६० सें.मी.पर्यंतच माल जातो, म्हणून तो ऑफलोड झाला, म्हणजे विमानात चढलाच नाही. शेवटी मालवाहू विमानाने गेला, चार दिवस उशिरा आणि वाढीव भाड्याने. बुकिंगचं काम माझ्याकडेच होतं. तेव्हापासून पक्क्या बांधलेल्या पेटीची मापं हातात आल्याशिवाय मी दर मागवत नाही.

यातली मूळ चूक मापाच्याही आधीची. आपण विमान कंपनीचं नाव बघतो, पण त्या मार्गावर तिचं कोणतं विमान जातं हे विचारत नाही. एकाच कंपनीची प्रवासी विमानंही असतात आणि मालवाहूही. ७४७ मालवाहू विमानाच्या बाजूच्या दारातून जवळपास तीन मीटर उंचीचा माल आत जातो. ए३२० किंवा ७३७ च्या पोटात माणसाला नीट उभंही राहता येत नाही. म्हणून बुकिंग करताना विमानाचा प्रकार विचाराच. शेवटच्या क्षणी मोठ्या विमानाच्या जागी छोटं आलं तर उंच पेटी मागे राहणार, हेही ग्राहकाला आधीच सांगून ठेवा.

बॅटऱ्यांच्या बाबतीत तर हा प्रश्न सुरक्षेचा आहे. नुसत्या, म्हणजे उपकरणाशिवाय पॅक केलेल्या लिथियम-आयन बॅटऱ्या १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवता येत नाहीत. मालवाहू विमानातही त्या साधारणपणे ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज नसाव्या लागतात. ‘इलेक्ट्रॉनिक सुटे भाग’ असं मोघम लिहून माल पुढे ढकलायचा विचारही करू नका. त्या विमानात माणसं बसलेली असतात.

दुसरी चूक विमानतळाची. ‘दुबई’ एवढंच लिहून भागत नाही, तिथे डीएक्सबी आणि डीडब्ल्यूसी अशा तीन अक्षरी कोडचे दोन विमानतळ आहेत. गोव्यात दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. मुंबईचा बीओएम, तर ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालेल्या नवी मुंबईचा एनएमआय. शहर एकच असलं तरी गोदाम वेगळं, कस्टम्सचं ठिकाण वेगळं. शिपिंग बिल (कस्टम्सला द्यायचा निर्यातीचा कागद) एका ठिकाणचं आणि ट्रक दुसऱ्याच दारात, असं झालं तर दुरुस्ती होईपर्यंत त्या दिवसाचं विमान हातचं जातं. पत्ता नव्हे, कोड जुळवा.

विमान कंपनीच्या यादीत एखाद्या विमानतळाचं नाव असलं म्हणजे तिथे तिचं विमान उतरतंच असंही नाही. युरोपात लक्झेंबर्ग, फ्रँकफर्ट अशा मोठ्या केंद्रांवर माल उतरतो आणि पुढे ट्रकने जातो; त्या ट्रकलाही फ्लाइट नंबर असतो. आपल्याकडेही पुण्याचं बुकिंग असलेला बराच माल घाट उतरून मुंबईलाच येतो. त्यात गैर काही नाही, फक्त तो वेळ हिशेबात धरा. आंब्या-द्राक्षांसाठी तर धराच, कारण ट्रकच्या त्या तासांत माल थंड राहील याची व्यवस्था वेगळी सांगावी लागते. पोहोचण्याचा वारही बघा. कुवेत आणि कतारमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी असते. गुरुवारी रात्री उतरलेल्या पेट्या सोडवायला तिकडचा माणूस जागेवर आहे का, हे माल निघण्याआधी विचारा.

वजनाचं थोडक्यात. खरं वजन आणि पेटीच्या आकारावरून काढलेलं वजन, यातलं जे जास्त त्यावर भाडं लागतं. आकाराचं वजन असं काढा: लांबी, रुंदी, उंची सें.मी.त गुणून ६००० ने भागा. १२०×१००×१५० च्या पेटीचे होतात ३०० किलो. आत १८० किलोच माल असला तरी भाडं ३०० चं.

माल परदेशी जात असेल तर लाकडी पेटीच्या फळ्यांवर आयपीपीसीचा, म्हणजे लाकडावर कीड मारण्याची प्रक्रिया झाल्याचा, शिक्का लागतो. घाईत सुताराने बिनशिक्क्याची एखादी पट्टी ठोकली, तर तिकडच्या विमानतळावर अख्खी पेटी अडकू शकते.

आणि माल ‘सापडत नाही’ म्हणून फोन करण्याआधी एअर वे बिलाचा, म्हणजे विमानाने जाणाऱ्या मालाच्या पावतीचा, नंबर तपासा. तो ११ आकडी असतो. पहिले तीन आकडे कंपनीचे: १७६ एमिरेट्स, १५७ कतार, ०९८ एअर इंडिया, १७२ कार्गोलक्स. पुढच्या सात आकड्यांच्या संख्येला ७ ने भागून जी बाकी उरते, तोच शेवटचा आकडा. १२३४५६७ ला भागलं तर बाकी ५, म्हणजे १२३४५६७५. बाकी जुळली नाही तर नंबर लिहिताना आकडा चुकलाय. बाकी जुळूनही माल दिसत नसेल, तर हातातला नंबर फॉरवर्डरने (माल पाठवून देणाऱ्या एजंटने) स्वतः दिलेल्या हाऊस बिलाचा तर नाही ना, हे बघा. कंपनीच्या ट्रॅकिंगला मास्टरचा, म्हणजे विमान कंपनीच्या बिलाचा, नंबर लागतो.