संगणक अचानक बंद पडल्यानंतर विंडोजमधील हरवलेले खाते परत कसे मिळवावे

काम चालू असताना वीज जाते, संगणक बंद पडतो आणि पुन्हा सुरू केल्यावर डेस्कटॉपवर रिसायकल बिनशिवाय काहीच दिसत नाही. वॉलपेपर निराळा, फाइली गायब, आणि तात्पुरत्या प्रोफाइलने प्रवेश दिल्याची सूचना तेवढी समोर येते. अशा वेळी काळजात धस्स होते आणि विंडोज नव्याने टाकावे असे वाटू लागते. तो मोह कटाक्षाने टाळावा. विंडोज १० आणि ११ मध्ये खाते ही एक गोष्ट आहे आणि सी ड्राइव्हवरील ‘यूजर्स’मध्ये असलेले त्या खात्याचे फोल्डर ही दुसरी, पुष्कळदा दोन्ही शाबूत असतात, तुटलेला असतो तो रजिस्ट्रीमधील (विंडोजच्या सेटिंग्जच्या अंतर्गत नोंदवहीतील) त्यांना जोडणारा दुवा.

तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये काहीही सेव्ह करू नये, कारण साइन आउट करताच ते पुसले जाते. सर्वप्रथम ‘यूजर्स’ उघडून आपल्या नावाचे फोल्डर आहे का ते पाहावे आणि असल्यास त्यातील डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स व डाउनलोड्स बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करावे. पुढचे सारे उपाय फसले, तरी एवढे केलेले असेल तर फारसे काही गमावले जात नाही. त्यानंतर संगणक एक-दोनदा रीस्टार्ट करून पाहावा. अँटिव्हायरसने प्रोफाइलची फाइल अडकवून ठेवलेली असेल, तर तेवढ्यानेही खाते पूर्ववत होते.

तसे न झाल्यास कमांड प्रॉम्प्ट ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडावा आणि ‘नेट यूजर’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत देऊन एंटर दाबावे. आलेल्या यादीत आपले नाव असेल, तर खाते जिवंत आहे.

आता रजिस्ट्री एडिटर उघडावा आणि काहीही बदलण्यापूर्वी फाइल मेनूतील एक्सपोर्टने संपूर्ण रजिस्ट्रीची प्रत काढावी. मग लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन या वाटेने ‘प्रोफाइल लिस्ट’पर्यंत जावे. येथे ‘एस-१-५-२१’ने सुरू होणाऱ्या लांबलचक नोंदी दिसतात, प्रत्येक नोंद म्हणजे एका खात्याचा ओळख क्रमांक. बिघाड झालेला असल्यास एकच क्रमांक अनेकदा दोनदा आढळतो, त्यांपैकी एकाच्या शेवटी ‘.बॅक’ असे शेपूट असते. दोन्हींतील ‘प्रोफाइल इमेज पाथ’ नीट वाचावा: आपल्या खऱ्या फोल्डरचा पत्ता साधारणपणे शेपूटवाल्या नोंदीत असतो. बिनशेपटाच्या नोंदीच्या नावाच्या शेवटी ‘.ओल्ड’ जोडावे, दुसरीचे शेपूट काढून टाकावे, तिच्यातील ‘स्टेट’ आणि ‘रेफ काउंट’ यांची किंमत ० करावी व संगणक रीस्टार्ट करावा. शेपूटवाली नोंद एकटीच असेल, तर फक्त शेपूट काढून याच दोन किमती तपासाव्यात.

एवढे करूनही तात्पुरते प्रोफाइलच उघडत असेल, तर आपल्या फोल्डरमधील ‘एनटीयूजर.डॅट’ ही सेटिंग्जची लपलेली फाइल खराब झाली असण्याचा संभव आहे. तेव्हा सेटिंग्जमधील अकाउंट्समधून नवे स्थानिक खाते तयार करावे, त्यात एकदा प्रवेश करून बाहेर पडावे आणि मग अॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार असलेल्या दुसऱ्या खात्यातून जुन्या फोल्डरमधील फाइली नव्यात घालाव्यात. ‘एनटीयूजर’ने सुरू होणाऱ्या फाइली मात्र चुकूनही नेऊ नयेत, नाहीतर बिघाडही बरोबर येईल. ‘नेट यूजर’च्या यादीत नाव मुळीच नसेल, तरी हाच मार्ग. जुन्याच नावाचे खाते पुन्हा काढले म्हणून जुने फोल्डर त्याला आपोआप जोडले जात नाही, कारण विंडोज नाव पाहत नाही, ओळख क्रमांक पाहते, आणि तो नव्या खात्याला नवाच मिळतो. जुने फोल्डर उघडताना परवानगीची विचारणा झाल्यास कंटिन्यू दाबावे.

एका बाबतीत विशेष जपावे. खाते दिसते पण पासवर्ड चालत नाही, म्हणून दुसऱ्या अॅडमिनिस्ट्रेटरकडून तो बदलून घेतला, तर विंडोजच्या एन्क्रिप्शनने कुलूपबंद केलेल्या फाइली आणि साठवलेले पासवर्ड हातचे जाऊ शकतात. त्याआधी साइन-इनच्या पडद्यावरील सुरक्षा प्रश्नांची उत्तरे देऊन पाहावीत. डिस्कवर बिटलॉकर (संपूर्ण ड्राइव्ह कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) असेल, तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की दुरुस्तीला हात घालण्यापूर्वीच शोधून ठेवावी.

खाते परत आले की त्याच दिवशी कमांड प्रॉम्प्टमधून सी ड्राइव्हवर ‘चेक डिस्क’ (chkdsk C: /f) ही डिस्क तपासण्याची आज्ञा चालवावी आणि रीस्टार्टनंतर होणारी तपासणी, वेळ लागला तरी, मध्येच थांबवू नये.