भीमगडला जायच्या आधी घरामागचा बांध बघा

बेळगावात निसर्ग बघायचा म्हटलं की सगळ्यांच्या गाड्या जांबोटी, चोर्ला, भीमगडकडं वळतात, पहाटे निघायचं, फोटो काढायचे, रात्री परत. जावा की, तिकडचं जंगल आहेच तसं. पण घरापासून दहा मिनिटांवरच्या एका जागेला वर्षभर जात राहिलात तर जे कळतं ते वर्षातनं एकदा जाऊन कळत नाही, म्हणून ही सुरुवात कशी करायची ते सविस्तर लिहितोय.

पहिलं काम म्हणजे जागा ठरवा, आणि एकच ठरवा. अनगोळ, वडगाव, येळ्ळूरकडं राहत असाल तर भाताच्या शिवारातला एखादा बांध किंवा विहीर, शहरात असाल तर व्हॅक्सिन डेपोतली झाडी नाहीतर किल्ल्याजवळचा तलाव. यातलं काहीच जवळ नसेल तर गॅलरीतनं दिसणारं एक झाडसुद्धा चालतंय. निवडायला मिळालं तर उंबर निवडा, वर्षातनं बऱ्याच वेळा फळतो आणि फळला की बुलबुल, तांबट, कोकीळ, रात्री वटवाघळं, सगळे तिथंच येतात. सूर्य उगवल्यावर पहिल्या तासात जावा, वीस मिनिटं पुरतात. पोचल्यावर पहिली पाच मिनिटं नुसतं गप्प उभं राहा, पाठ झाडाला टेकवून, कारण तुम्ही आलात की सगळे गप्प होतात, मग हळूहळू ते तुम्हाला विसरतात आणि खरं बघणं तिथनं पुढं चालू होतं.

वही पाहिजेच. तारीख, वेळ, पाऊस होता का ऊन, आणि काय दिसलं. मी त्यात नक्षत्रपण लिहितो, आमच्या आज्जीचा सगळा हिशोब त्यावरच होता, रोहिणी, मृग, आर्द्रा, आणि खरं सांगतो, किडे-बेडकांचा हिशोब इंग्रजी महिन्यापेक्षा त्याच्याशी चांगला जुळतो. नाव माहीत नसलं तरी अडत नाही, चोच कशी, शेपूट हलवतंय का, जमिनीवर चालतंय का उड्या मारतंय, एवढं लिहून ठेवा. नंतर पक्षी ओळखून देणाऱ्या मर्लिन अ‍ॅपवर शोधता येतं, पण आधी डोळ्यानं बघा मग मोबाईल काढा. आणि शेतात जो भेटेल त्याला विचारा, मराठीत एक नाव मिळेल आणि कन्नडात दुसरं, दोन्ही लिहा.

आता ऋतू. वर्ष जानेवारीपासनं नाही, मृगापासनं धरा. पहिला मोठा पाऊस झाला की संध्याकाळी दिव्याखाली पंखवाल्या वाळव्या येतात, बांधावर मखमली लाल मृगाचे किडे फिरतात, आणि साचलेल्या पाण्यात एरवी मातकट दिसणारे मोठे बेडूक पिवळेजर्द होऊन ओरडायला लागतात. हा पिवळा रंग नराचा, थोडेच दिवस टिकतो, म्हणून पाऊस पडला त्याच रात्री बॅटरी घेऊन जावा, दोन दिवसांनी बघू म्हटलं की गेलं. पायात गमबूट घाला, याच दिवसांत साप जास्त हिंडतात. आणि बेडूक धरणारे कोणी दिसले तर तो 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे हे शांतपणे सांगा.

पण पावसाळ्यात एकच गोष्ट बघायची असेल तर सुगरण बघा. विहिरीवर वाकलेली बाभूळ किंवा शिंदी शोधा. डोकं पिवळं झालेला नर भाताच्या पातीला कडेला चोचीनं चीर देतो आणि तशीच धरून उडतो, की लांब पट्टी सुटून येते, ती घेऊन फांदीला गाठ मारतो. घरटं अर्धं झालं की हेल्मेटसारखं दिसतं आणि तिथंच तो काम थांबवतो, पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. मादी येते, आत शिरते, ओढून बघते. पसंत पडलं तरच तो पुढची नळी विणतो, नाही पडलं तर ते तसंच लोंबकळत राहतं आणि गडी दुसरं सुरू करतो. आत ओल्या मातीचे गोळेपण लावतात. बऱ्याचदा घरटी झाडाच्या पूर्वेच्या अंगाला असतात, आपल्याकडं पाऊस-वारा पश्चिमेकडनं येतो ना, तुमच्या झाडावर तसं आहे का मोजून बघा. मी एकदा असाच विहिरीकडं टक लावून उभा असताना शेतवाले मामा आले, "काय बघालास रे तिथं?" म्हणून विचारलं, सांगितल्यावर म्हणाले ह्याला कन्नडात गीजग म्हणतात, आणि मग स्वतःच अर्धा तास माझ्याशेजारी बघत उभे राहिले. घरट्याला हात लावू नका, फांदी ओढून फोटो काढू नका, वीस-पंचवीस पावलांवरनं सगळं दिसतं.

श्रावणात खाली बघा, टाकळा, तेरडा, पानांवरच्या अळ्या. एक अळी रोज बघत राहिलात तर आठ-दहा दिवसांत कोष बनताना दिसेल.

गणपतीच्या आसपास शेपूट वरखाली करणारा धोबी पक्षी दिसला की समजा थंडीचे पाहुणे पक्षी यायला लागले. भात कापून मसूर पेरला की तारांवर भिंगऱ्यांच्या रांगा आणि शिवारावर अगदी खालनं तरंगणारे भोवत्ये, म्हणजे शिकारी पक्षी, बघा. एखादा दिवस मोकळा असेल तर घटप्रभा पक्षी अभयारण्य गाठा, 1974 ला जाहीर झालंय, थंडीत तिथं कांड्या करकोचे येतात. फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काऊंट, म्हणजे लोकांनी मिळून करायची पक्षीगणना, असतो, चार दिवस, कमीत कमी पंधरा मिनिटं पक्षी मोजायचे आणि ईबर्ड या पक्ष्यांच्या नोंदींच्या वेबसाइटवर टाकायचे, तुमच्या बांधाची यादी तिथं गेलीच पाहिजे, कारण जंगलाच्या याद्या बरेच जण टाकतात, आपल्या शिवाराच्या फार कमी. आणि शहरात काय दिसणार असं म्हणणाऱ्यांनी ऑगस्ट 2022 आठवा, बिबट्या बेळगावच्या गोल्फ कोर्सवर होता.

उन्हाळ्यात पळस, पांगारा, काटेसावर फुलली की त्याखाली उभं राहायचं, पक्षीच तुमच्याकडं येतात. घरी मातीचं पसरट भांडं ठेवा, दोन बोटं पाणी, मधे एक दगड, म्हणजे मधमाश्यापण पितील. पाणी रोज बदला, नाहीतर डास होतात. वळीव पडून गेल्यावर पावशाची हाक कानावर आली की वहीत तारीख लिहा आणि मागच्या वर्षीचं पान उघडून शेजारी ठेवा.