अकरावीला आर्ट्स घ्यायचंय? फॉर्म भरण्याआधी एवढं बघा

दहावीचा निकाल लागला की इंदूरच्या मराठी घरांत पोह्यांच्या बशीबरोबर एकच प्रश्न फिरतो, सायन्स की कॉमर्स? आर्ट्स म्हटलं की समोरचा आवाज बारीक करून विचारतो, "का हो, मार्क कमी पडले का?" आमच्या लेकीला ९१ टक्के होते, तरी हे ऐकावं लागलं. तेव्हा पहिली तयारी घरच्यांची. ह्या प्रश्नावर काय बोलायचं ते आपापसांत ठरवून ठेवा, म्हणजे पोरीला दर वेळी खुलासा करावा लागत नाही. (नुसतं "ह्यूमॅनिटीज" म्हटलं तरी निम्मे लोक गप्प बसतात, हा स्वानुभव.)

आता विषय. दहावीपर्यंत सामाजिक विज्ञान म्हणजे चार पुस्तकं आणि एक पेपर. अकरावीत त्याचे सुटे विषय होतात. सीबीएसईत इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र हे नेहमीचे, शिवाय लीगल स्टडीजही आहे. पण बोर्डाची यादी वेगळी आणि शाळेची वेगळी. आमची चूक इथेच झाली. माहितीपत्रकात मानसशास्त्र ठळक छापलेलं होतं, फी भरली, आणि जुलैत कळलं की शिकवणाऱ्या मॅडम सोडून गेल्या, तेव्हा "फिजिकल एज्युकेशन घ्या ना." म्हणून ऑफिसात नुसतं "हा विषय आहे का" असं विचारू नका. कोण शिकवतं, यंदा बारावीत त्या विषयाला किती मुलं आहेत, आणि तो कोणत्या विषयाच्या तासाला आडवा येतो, हे तिन्ही विचारा. दोन आवडते विषय एकाच तासाला लावलेले असले की एकावर पाणी सोडावं लागतं. बारावीत हेच विषय पुढे चालतात आणि अकरावीतच बोर्डाकडे नोंदणी होते, त्यामुळे "बघू, नंतर बदलू" ह्या भरवशावर राहू नका. बदलायचा असेल तर शाळेनं दिलेल्या मुदतीतच.

विषय ठरवण्याआधी पुस्तक उघडून बघावं. एनसीईआरटीची पुस्तकं त्यांच्या साइटवर फुकट मिळतात, हातात घेऊन चाळायची असतील तर इथला पुस्तकांचा खजुरी बाजार आहेच. प्रत्येक विषयाचं एकेक प्रकरण पोरांना स्वतः वाचू द्या. इतिहासाच्या बाबतीत तर हे हटकून करा. शिवाजी महाराज, पानिपत, होळकर डोक्यात ठेवून जे अकरावीचा इतिहास घेतात त्यांच्यापुढे पहिल्याच महिन्यात मेसोपोटेमियाच्या मातीच्या पाट्या येतात, मग रोमन साम्राज्य, मग मंगोल. अकरावीचं पुस्तक जगाच्या इतिहासाचं आहे, भारत येतो बारावीत. लेकीला पाट्या आवडल्या, तिच्या मैत्रिणीनं पंधरा दिवसांत समाजशास्त्र गाठलं.

अर्थशास्त्र घेणाऱ्यांनी गणिताशी कट्टी करू नये. अकरावीत निम्मं पुस्तक संख्याशास्त्राचंच आहे, आणि दिल्ली विद्यापीठात इकॉनॉमिक्स ऑनर्स करायचं मनात असेल तर बारावीला गणित लागतंच. हे बारावीनंतर कळून उपयोग नाही.

भूगोलाला घरात जागा लागते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३०. त्या तीस मार्कांपायी आमचं जेवायचं टेबल रविवारी सर्वे ऑफ इंडियाच्या नकाशाखाली जायचं. १:५०,०००चा नकाशा म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. त्यावर ट्रेसिंग पेपर चिकटवून ती समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, गिरवायची, आणि रेषा दाट आल्या की ओरडायची, "आई, इथे कडा आहे!" वरणाची वाटी तीन फूट लांब ठेवायची ताकीद होती. एचबी पेन्सिली, चांगला खोडरबर आणि ट्रेसिंग पेपर आधीच आणून ठेवा. मानसशास्त्रालाही प्रात्यक्षिक तीसचंच. बाकीच्यांत लेखी ८०, आणि २० प्रोजेक्टचे वगैरे.

भाषेचं एक बघा. आपल्याकडची मुलं हिंदी नाहीतर इंग्रजी माध्यमातली, आणि मदत येते पुण्याच्या मामाकडून. मामानं मायेनं महाराष्ट्र बोर्डाच्या अर्थशास्त्राच्या नोट्स पाठवल्या, त्यात मायक्रो-मॅक्रोला "सूक्ष्म" आणि "स्थूल", इथल्या हिंदी पुस्तकात "व्यष्टि" आणि "समष्टि". आजोबा एकदा घटना समितीबद्दल भरभरून सांगत होते, तर नात म्हणाली, "कोणती दुर्घटना झाली होती?" हिंदीत ती संविधान सभा. तेव्हापासून वहीच्या मागच्या पानावर आम्ही तीन रकाने आखले, मराठी, हिंदी, इंग्रजी. आजोबांना काम मिळालं.

प्रोजेक्टसाठी गूगलवरून ताजमहाल उतरवू नका, विषय दाराशी आहेत. १ जुलै १८५७ला सआदत खान आणि त्याच्या साथीदारांनी इथल्या रेसिडेन्सीवर, म्हणजे इंग्रजांच्या प्रतिनिधीच्या ठाण्यावर, हल्ला केला आणि तो प्रतिनिधी कर्नल ड्युरंड, त्याला इंदूर सोडावं लागलं, रेसिडेन्सी कोठी आजही उभी आहे. केंद्रीय संग्रहालयात हिंगलाजगढच्या मूर्ती आहेत. राज्यघटनेवर काही करायचं तर महू तासाभरावर, बाबासाहेबांचा जन्म तिथला, १४ एप्रिल १८९१. भूगोलवाल्यांनी त्याच फेरीत जानापाव करावं, चंबळ तिथेच उगम पावते. सुट्टीतच फोटो काढून, चार ओळी टिपून ठेवा, डिसेंबरात सगळ्यांच्याच फायली अर्धवट असतात.

सीयूईटीची, म्हणजे बारावीनंतरच्या विद्यापीठ प्रवेश परीक्षेची, घाई अकरावीत नको, पण ज्या कॉलेजांचं मनात आहे ती कोणते विषय मागतात हे एकदा कागदावर लिहून काढा, दरवर्षी तपासत जा.

उरली कागदपत्रं. दहावीची अंकसूची, टीसी, आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक), फोटो, आणि बोर्ड बदलत असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट. सगळीकडे नावाचं स्पेलिंग सारखं आहे ना, ते आजच बघा. आमच्याकडे एका कागदावर "कुळकर्णी" आणि दुसऱ्यावर "कुलकर्णी" होतं, त्या एका ळनं तीन चकरा मारायला लावल्या.