पावसाळ्याआधी किटचा साठा मोकळा करताना

स्केल मॉडेलची, म्हणजे खऱ्या विमान-रणगाड्यांच्या छोट्या प्रतिकृतींची, जुनी न जोडलेली किट विकायला काढली की हात आधी प्लॅस्टिकच्या स्प्रूंकडे (सुटे भाग जोडलेल्या चौकटींकडे) जातो. गोव्यात तपासणीची सुरुवात कागदापासून करावी. पॉलिस्टायरीनचे भाग कपाटात तीस-चाळीस वर्षं पडून राहिले तरी त्यांना फारसं काही होत नाही. डिकॅलची (पाण्यात भिजवून मॉडेलवर सरकवायच्या छापील चिन्हांची) शीट, सूचनापत्रक आणि पुठ्ठ्याचा डबा यांची मात्र आपल्या हवेत थोड्याच पावसाळ्यांत वाट लागते, आणि गिऱ्हाईक पैसे कमी करतं ते बहुतेक वेळा या तीन गोष्टींवरून. म्हणून किट उघडून तपासायची, फोटो काढायचे ते डिसेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांत, आणि शक्य तेवढी पार्सलं मे संपण्याआधी घराबाहेर पडलेली असावीत. चवथीच्या साफसफाईत माळ्यावरून डबे खाली काढले, तर ते ऐन दमट हवेत उघडले जातात. मग बुरशी दिसते तीही विकण्याच्या घाईत.

आधी यादी

साध्या वहीत किंवा एक्सेलमध्ये प्रत्येक किटसाठी एक ओळ करा: कंपनी, कॅटलॉग क्रमांक, स्केल (खऱ्या वस्तूच्या मानाने आकार), विषय, पिशव्या सीलबंद की उघड्या, डिकॅलची स्थिती, सूचनापत्रक आहे की नाही, डब्याची स्थिती. यात कॅटलॉग क्रमांक सगळ्यांत महत्त्वाचा. तो डब्याच्या बाजूला छापलेला असतो. तामिया कंपनीच्या क्रमांकाची सुरुवात ३५ ने असेल तर ते १/३५ चं लष्करी किट, ६१ ने असेल तर १/४८ चं विमान, असा अंदाज बांधता येतो. एकाच विषयाची एकाच कंपनीने दोन वेगवेगळ्या साच्यांतून किट काढलेली असतात, त्यामुळे नुसतं 'एअरफिक्सचं स्पिटफायर' म्हणून विकायला ठेवलं तर जाणता ग्राहक पहिला प्रश्न क्रमांकाचाच विचारतो.

डब्यावरचं साल म्हणजे साच्याचं साल असं धरू नका. रेव्हेलच्या डब्यात कित्येकदा हासेगावा, इटालेरी किंवा अकॅडमी या दुसऱ्या कंपन्यांचं प्लॅस्टिक निघतं, आणि नव्या चित्राच्या चकचकीत डब्यात पन्नास वर्षांपूर्वीचा साचा असू शकतो. स्केलमेट्स या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की त्या साच्याची वंशावळ दिसते: पहिल्यांदा कधी आला, पुढे कोणी कोणत्या डब्यात घातला. अनेक किटची सूचनापत्रकंही तिथे मिळतात. तुमचं पत्रक कसरीने खाल्लं असेल तर मुद्रित प्रत डब्यात घाला आणि ती प्रत असल्याचं जाहिरातीत लिहा.

घरातल्या कुणाच्या पश्चात त्यांचा संग्रह विकायचा असेल आणि या छंदाची ओळख नसेल, तर एकच पथ्य पाळा: सीलबंद पिशव्या फोडू नका आणि सुट्ट्या पडलेल्या बारीक पुड्या टाकून देऊ नका. पितळेच्या पातळ पत्र्याचे फोटो-एच भाग आणि रेझिनचे सुटे भाग अशा पुड्यांतच असतात. एकेक पुडी कधी कधी अर्ध्या किटच्या किमतीची असते.

तपासणी

सूचनापत्रकात बहुधा एका पानावर सगळ्या स्प्रूंचा नकाशा असतो. प्रत्येक स्प्रूवर कोरलेलं अक्षर त्याच्याशी जुळवा आणि रिकाम्या जागा शोधा. पिशवीच्या तळाशी सुटून पडलेला भाग हरवलेला नसतो. तो छोट्या झिपच्या पिशवीत घालून त्याच डब्यात ठेवा. पारदर्शक भाग मोठ्या स्प्रूंवर घासले गेले असतील तर कॅनॉपीवर (विमानाच्या कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणावर) ओरखडे येतात. उजेडासमोर तिरकं धरून पाहा, आणि पुढे वेगळ्या पिशवीतच ठेवा.

रणगाड्याचे मऊ पट्टे आणि गाड्यांचे टायर हा जुन्या किटमधला छुपा दोष. या मऊ व्हिनाइलमधलं द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि ज्या पॉलिस्टायरीनला ते चिकटून असतं, ते वितळल्यासारखं खड्ड्यात बसतं. पट्टे स्प्रूला टेकलेले दिसले तर लगेच वेगळे करा, पॉलिथीनच्या पिशवीत घाला आणि खालचा भाग तपासा. चाकाच्या आतल्या बाजूला खूण असेल तर चालून जातं, चिलखताच्या वरच्या पत्र्यावर असेल तर ते फोटोत दिसलंच पाहिजे.

आता डिकॅल. शीट पांढऱ्याशुभ्र कागदावर ठेवा. पारदर्शक फिल्म पिवळसर झाली असेल तर लगेच कळतं. पिवळेपणा पुष्कळदा उन्हाने उतरतो: शीट झिपच्या पिशवीत हवाबंद करायची आणि ऊन येणाऱ्या खिडकीच्या काचेला आतून, छापील बाजू बाहेर करून चिकटवायची. दोन-चार दिवसांत फरक दिसू लागतो, जास्त पिवळी शीट दोन आठवडेही घेते. जून ते सप्टेंबर हा उद्योग करू नका. ऊन मिळत नाही आणि काचेवर ओल धरते.

पिवळेपणापेक्षा वाईट म्हणजे तडकलेली फिल्म, आणि ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. बऱ्याच शीटच्या कडेला कंपनीचं नाव किंवा क्रमांक डिकॅलच्याच शाईत छापलेला असतो. तेवढाच तुकडा कापून कोमट पाण्यात टाका. मिनिटभरात तो अखंड सरकला तर शीट चांगली. पाण्यात त्याचे तुकडे झाले तर पूर्ण शीटचं तेच होणार. अशा शीटवर क्लिअर लॅकरचा पातळ थर मारून ती वाचवता येते, पण मग प्रत्येक चिन्ह कडेने कापून घ्यावं लागतं. विक्रेत्याने हा उपाय परस्पर करू नये. स्थिती सांगावी, निर्णय विकत घेणाऱ्यावर सोडावा. डिकॅलवरचा पातळ झिरझिरीत कागद दमटपणाने चिकटून बसला असेल तर तो ओढायच्या भानगडीत पडू नका, कागदाबरोबर रंगही निघतो.

डब्यावरची बुरशी पूर्ण वाळू द्या, मग घराबाहेर नेऊन, नाकाला मास्क लावून मऊ कोरड्या ब्रशने झाडा. ओल्या फडक्याने पुसलं की ती पुठ्ठ्यात आणखी खोल जाते. कुबट वासासाठी डबा उघडा करून सावलीतल्या वाऱ्यावर दोन दिवस ठेवणं पुरतं. कडक उन्हात ठेवला तर डब्यावरच्या चित्राचा लाल-पिवळा रंग उडतो. डबा प्लॅस्टिकमध्ये बंद करायचा तो कोरडा झाल्यावरच, सोबत सिलिका जेलची पुडी घालून. ओल आत कोंडली तर बुरशीची सोय आपणच करून दिल्यासारखं होतं.

किंमत

किट अजून उत्पादनात असेल तर भारतातल्या दुकानात आज ते नवं केवढ्याला मिळतं ते पाहा. सीलबंद आणि निर्दोष असेल तर त्याच्या ६० ते ७० टक्के ही वाजवी मागणी. उत्पादन बंद असेल तर ईबेवर नुसत्या मागितलेल्या किमती पाहून हुरळून जाऊ नका. 'विकलेल्या वस्तू' ही चाळणी लावा आणि प्रत्यक्ष व्यवहार कितीला झाला ते बघा. त्यात पाठवणीचा खर्च धरलाय की नाही, तेही.

भारतात असलेल्या किटला थोडं वजन आहे, त्याचं कारण आयातीत आहे. स्केल मॉडेल सीमाशुल्काच्या वर्गवारीत खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतात. खेळण्यांवरचं मूळ शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर गेलं आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) प्रमाणन सक्तीचं झालं. त्यामुळे परदेशातून एकेक किट मागवणाऱ्याला तुमच्या कपाटातलं किट स्वस्त पडू शकतं. पण हे वजन मागणी असलेल्या विषयांपुरतंच. सतत नव्याने येणाऱ्या, दुकानात सहज मिळणाऱ्या किटवर चढी किंमत लावून ती दोन पावसाळे सांभाळण्यात नुकसानच आहे.

गोव्यात आणि एकूणच भारतात भारतीय विषयाला वेगळा ग्राहक आहे. नौदलाची सी हॅरियर ही लढाऊ विमानं १९८३ पासून २०१६ पर्यंत दाबोळीच्या आयएनएस हंसा या नौदलाच्या हवाई तळावरून उडाली, बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॅरियर पाहून आलेला माणूस तिचं किट शोधतोच. कॅनबेरा या बॉम्बफेकी विमानाचंही तसंच. गोवा मुक्तीच्या वेळी, डिसेंबर १९६१ मध्ये, दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले ते कॅनबेरांनी, आणि भारताची बी(आय)५८ ही आवृत्ती बी(आय)८ या आवृत्तीवरूनच बनलेली, म्हणून बी(आय)८ चं किट इथे जास्त मोलाचं. डब्यात भारतीय चिन्हांची डिकॅल नसली तरी वेगळी घेतलेली शीट तुमच्याकडे असेल, तर ती अशा किटसोबत द्या. बाकी रेझिन, फोटो-एच वगैरे जोडभाग शक्यतो वेगळे विकावेत, कारण किटमध्ये घातल्यावर त्यांचे पूर्ण पैसे क्वचितच येतात.

अर्धवट जोडलेल्या किटची आशा फार धरू नये. गोंद लागलेलं किट सुट्या भागांसाठीच घेतलं जातं, अशी चार-पाच एकत्र बांधून स्वस्तात काढा. सगळा साठा एकाच माणसाला द्यायचा असेल तर सुट्या विक्रीच्या बेरजेच्या ४० ते ५० टक्के मिळाले तरी तो सौदा वाईट नाही: कष्ट वाचतात, आणि न खपणारी किट मागे उरत नाहीत. फक्त आधी यादी द्या. यादीशिवाय आलेला ग्राहक वरची दहा चांगली उचलतो आणि गाळ तुमच्याकडे ठेवतो.

फोटो आणि व्यवहार

सकाळी बल्कांवातल्या (घरापुढच्या ओसरीतल्या) उजेडात, फ्लॅशशिवाय फोटो काढा. डब्याचं तोंड, क्रमांकाची बाजू, चारही कोपरे, सगळे स्प्रू, पारदर्शक भाग, पांढऱ्या कागदावर डिकॅल, आणि जो दोष आहे त्याचा जवळून एक. दोष शब्दांतही लिहा. 'किरकोळ डाग' म्हणण्याऐवजी 'झाकणाच्या डाव्या कोपऱ्यात तीन सेंटिमीटरचा पाण्याचा डाग' असं लिहिलं की पुढची घासाघीस निम्म्याने कमी होते.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा साध्या खेळण्यांच्या दुकानात किट नेऊ नका, तिथे ते खेळण्याच्याच भावाने मोजलं जातं. मॉडेलकारांचे व्हॉट्सॲप आणि फेसबुक गट हीच खरी जागा. गोव्यातलाच ग्राहक असेल तर पणजी किंवा मडगावच्या कदंब स्थानकासारख्या गजबजलेल्या ठिकाणी भेटा, डबा त्याला उघडून बघू द्या, पैसे खात्यात दिसल्यावर द्या. जुन्या वस्तूंच्या सर्वसाधारण साइटवर 'मी लष्करात आहे, बदली झालीय, क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करा' असा निरोप आला की तिथेच थांबा. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून जातात. गणवेशातल्या माणसाचा फोटो पाठवला म्हणून विश्वास ठेवू नये.

पाठवणी

किटच्या डब्यावर थेट चिकटपट्टी लावू नका, काढताना चित्र सोलून निघतं. आधी पॉलिथीनमध्ये गुंडाळा, त्यावर बबल, मग पाच पदरी पुठ्ठ्याचा खोका, सर्व बाजूंनी तीन सेंटिमीटर भराव. वर्तमानपत्राचे बोळे ओल शोषतात आणि दबून सपाट होतात, भरावाला ते वापरू नका. पाऊस असेल तर बाहेरच्या खोक्यालाही प्लॅस्टिकचं आवरण घाला.

खर्च ठरतो आकारावर. बऱ्याच कुरियर कंपन्या लांबी, रुंदी, उंचीचा सेंटिमीटरमधला गुणाकार ५००० ने भागून वजन धरतात. समजा, १/४८ विमानाचा डबा ३८ × २६ × ८ आहे. भरावासह खोका ४४ × ३२ × १४ होतो, म्हणजे किट किलोभराचं असलं तरी हिशेब जवळजवळ ४ किलोचा. तेवढ्याच लांबी-रुंदीच्या पण उंच खोक्यात एकावर एक दोन डबे घातले तर ४४ × ३२ × २२, म्हणजे ६.२ किलो. दुसरं किट सव्वादोन किलोच्या खर्चात गेलं. म्हणून एकाच ग्राहकाला दुसरं किट सवलतीत द्यायला कधीही हरकत नाही. १/३५० जहाजासारखा लांबलचक डबा मुंबईला जायचा असेल तर मडगाव किंवा थिवीहून रेल्वेने जाणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या हाती देणं सगळ्यांत सुरक्षित. तो डबा उन्हात उभ्या गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवू नका, लांब पातळ भाग वाकतात.

एनॅमल रंग, थिनर आणि गोंद मात्र पार्सलात घालायचे नाहीत. तामियाच्या एक्स्ट्रा थिन गोंदात ॲसिटोन आणि ब्युटाइल ॲसिटेट असतं, दोन्ही ज्वालाग्राही, आणि असा माल टपालात निषिद्ध आहे. सापडला तर पूर्ण पार्सल अडकतं, आणि गळला तर आतल्या किटचंच प्लॅस्टिक वितळतं. रंग आणि गोंद गोव्यातल्या ग्राहकाला हातोहात द्या. घट्ट होऊन बसलेल्या बाटल्या बाजूला काढा आणि उरलेल्यांचा एकच संच करून स्वस्तात द्या.